‘च’ शोधण्याचा दिवस

पहाटे पावणेसहा

“आजच द्यायचंय का?” चहा गाळता गाळता आईने विचारलं. रात्री साडेबारापर्यंत माझ्या खोलीत दिवा होता, त्याची तिला काळजी. मी म्हटलं, “आजच.” तिचा प्रश्न त्या एका अक्षरात होता आणि माझं उत्तरही.

मी पुण्यात घरून काम करते. लोकांनी लिहिलेलं इंग्रजी तपासून, दुरुस्त करून देते. शोधनिबंध, प्रबंध, अहवाल, कधी अर्ज. लिहिणारे बहुतेक मराठी, वाचणारे कुठलेही. या कामात माझा सर्वांत जास्त वेळ ज्याच्यापायी जातो, ते आईच्या प्रश्नातलं अक्षर आहे. शाळेच्या व्याकरणात ‘च’ शुद्ध शब्दयोगी अव्ययांत येतो; ‘ही’, ‘ना’, ‘पण’, ‘मात्र’, ‘देखील’ हे त्याचे सोबती. शुद्ध अशासाठी की तो जोडला तरी शब्दाचं सामान्यरूप होत नाही. आज, आजच. शेतात, शेतातच. ज्या शब्दाला लावाल तिथे वजन पडतं आणि बाकीचं वाक्य जागचं हलत नाही.

इंग्रजीत असं अक्षर नाही. बोलताना ते काम आवाज करतो. लिहिताना शब्दांची जागा बदलावी लागते, नाहीतर एखादं क्रियाविशेषण आणावं लागतं. आपली माणसं इंग्रजी लिहायला बसली की मनातला ‘च’ कागदावर उतरत नाही. मग त्याची भरपाई व्हेरी, रिअली, ओन्ली, इटसेल्फ अशा शब्दांनी होते.

साडेसहा

शांत वेळ. आज रात्रीपर्यंत द्यायचं काम म्हणजे कांद्याच्या साठवणुकीवरचा एक शोधनिबंध. लेखक नाशिक जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतात, स्वतः शेतकऱ्याच्या घरातले. उन्हाळी कांदा काढल्यावर चाळीत किती टिकतो, वजन किती घटतं, कोंब कधी येतात, सड कुठून सुरू होते, असा विषय. काम चांगलं आहे. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असला आणि खालून-बाजूंनी वारा खेळता राहिला, तर काय फरक पडतो हे त्यांनी आठवड्याआठवड्याने मोजलंय.

पहिलं वाचन मी छापील कागदावर करते, हातात पेन्सिल घेऊन. दुरुस्ती करायची नाही, फक्त क्रियाविशेषणांभोवती गोल काढायचे. ‘हळूहळू’, ‘दररोज’, ‘समांतर’ अशा अर्थाची जी आहेत ती माहिती देतात; त्यांना हात लावायचा नाही. नुसतं वजन टाकण्यासाठी आलेल्यांवर फुली. चौदा पानांत एकेचाळीस व्हेरी निघाले. ओन्ली तेवीस, सिग्निफिकंटली सतरा.

आठ

पोहे, आंघोळ, आईच्या गोळ्या.

सव्वानऊ

व्हेरीपासून सुरुवात करते, कारण तो सर्वांत झिजलेला. जुन्या फ्रेंच भाषेत ‘खरा’ या अर्थाचा शब्द होता, त्यातून तो इंग्रजीत आला. चौदाव्या शतकात इंग्रजी कवी चॉसर तो वापरतो तेव्हा त्याचा अर्थ ‘खराखुरा’ असाच आहे. पुढे खरेपणा गळला आणि नुसता जोर उरला. रिअली आणि ट्रूली त्याच वाटेने गेले. आपल्याकडेही ‘खरंच छान’ म्हणताना कोणी खऱ्याखोट्याचा निवाडा करत नसतो. भीतीचे शब्दही असेच झिजतात. टेरिबली आणि ऑफुली यांच्यात एकेकाळी थरकाप होता. आज ते गोड चहालाही लागतात. आपणही ‘भयंकर आवडलं’ म्हणतो, त्यात भय कुठे असतं?

जोर देणारा शब्द वापरून वापरून हलका होतो, मग त्याच्या जागी नवा येतो. सली टॅगलियामोंटे आणि रिका इटो या दोघी भाषाभ्यासकांनी इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या लोकांची बोली तपासून 2003 साली एक निबंध लिहिला. तिथे वयस्कांच्या बोलण्यात व्हेरी आणि तरुणांच्या बोलण्यात रिअली असं पिढ्यांचं अंतर स्पष्ट दिसलं. बोलण्यात हे होणारच. पण लिहिलेला मजकूर वीस वर्षांनीही वाचला जातो, म्हणून लिखाणात अशा चलनी शब्दावर भिस्त ठेवू नये असं मी मानते.

विल्यम स्ट्रंक यांची लेखनशैलीवरची पुस्तिका 1918 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी निघाली. तिची 1959 ची आवृत्ती ई. बी. व्हाइट यांनी वाढवली आणि त्यात व्हेरी, रादर, प्रिटी अशा शब्दांना शब्दांचं रक्त पिणाऱ्या जळवा म्हटलं. इंग्रजी तपासणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असतं. मी त्या जळवा काढते, पण काढण्याआधी प्रत्येक वेळी पाहते की इथे लेखकाला काय म्हणायचं होतं. नुसती कात्री चालवणं सोपं आहे. त्याने वाक्य स्वच्छ होतं आणि माणूस नाहीसा होतो.

आज सातव्या पानावर सडलेल्या कांद्याच्या सालीचं वर्णन आलं: व्हेरी ब्लॅक. मी तिथे बराच वेळ थांबले. हाच माणूस मराठीत लिहीत असता, तर त्याने ‘काळीकुट्ट’ लिहिलं असतं. आपल्याकडे प्रत्येक रंगाचा जोर वेगळा आहे. काळाकुट्ट, पांढराशुभ्र, लालभडक, हिरवागार, पिवळाधमक. ‘कुट्ट’ पांढऱ्याला लावता येत नाही आणि ‘धमक’ हिरव्याला. लहान मूलसुद्धा यात चुकत नाही. ऊन लख्ख, पाणी थंडगार, बहिरा ठार. अशी तयार जोडी मिळाली की ‘खूप’ची गरज पडत नाही.

इंग्रजीतही अशा जोड्या आहेत. अंधार पिच ब्लॅक, कोरडं ते बोन ड्राय, टक्क जागा असलेला वाइड अवेक, ठार बहिरा स्टोन डेफ. पण आपल्या शाळांत इंग्रजी शिकवताना शब्द सुटे दिले, जोड्या दिल्या नाहीत. ब्लॅक म्हणजे काळा, एवढंच. म्हणून घरच्या भाषेत ज्याच्या तोंडी लालभडक, हिरवागार सहज येतं, तो इंग्रजीत सगळ्या रंगांना एकच व्हेरी लावत जातो. लोक याला भाषेचं दारिद्र्य समजतात, त्याचं मला वाईट वाटतं. त्या माणसाकडे भाषा भरपूर आहे. इंग्रजीच्या खोलीची किल्ली तेवढी त्याला कोणी दिली नाही.

शोधनिबंधात पिच ब्लॅकही शोभलं नसतं. छायाचित्र पाहिलं. सालीवर काळ्या बुरशीची पूड होती. व्हेरी ब्लॅक काढून तीच पूड लिहिली आणि लेखकांसाठी समासात विचारणा ठेवली.

अकरा

लेखकांचा फोन आला. त्यांचा तास संपला होता, मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

“मॅडम, सिग्निफिकंटली काढू नका बरं का. त्याच्याशिवाय पेपरला वजन येत नाही.”

“सर, सतरा ठिकाणी आहे. सांख्यिकी चाचणी किती ठिकाणी केलीय?”

पानं चाळल्याचा आवाज. “तक्ता तीन आणि तक्ता पाच. म्हणजे... सहा ठिकाणी.”

“मग ते सहा राहतील. बाकीच्या अकरांना आपण तुमचेच आकडे देऊ.”

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हां. आकडेच बोलतील.”

रोजच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘लक्षणीयरीत्या’. विज्ञानाच्या लिखाणात मात्र तो राखीव आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या 1925 च्या पुस्तकामुळे शंभरात पाच ही रेघ संशोधकांच्या हातात आली. खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता त्या रेघेच्या आत असली, तर दिसलेला फरक सिग्निफिकंट म्हणायचा. म्हणजे हा शब्द फरक किती मोठा ते सांगत नाही. फरक चिमूटभर असला तरी पुरेसे नमुने घेतले तर तो या रेघेत बसू शकतो. अशा गोंधळांपायी अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला 2016 साली खुलासा काढावा लागला. जिथे चाचणी केलेली नाही तिथे हा शब्द लिहिणं म्हणजे न केलेल्या कामाची पावती फाडणं. लेखकाच्या मनात तसं काही नसतं. त्याला फक्त जोर हवा असतो. परीक्षकाला ते कसं कळावं?

एकट्या आपल्या लोकांची ही सवय नव्हे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 1974 ते 2014 या काळातले वैद्यकीय निबंधांचे गोषवारे तपासले आणि ते काम 2015 साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ‘अभूतपूर्व’, ‘नावीन्यपूर्ण’ या जातीचे पंचवीस गौरवाचे शब्द त्यांनी मोजले. सुरुवातीच्या वर्षांत 2 टक्के गोषवाऱ्यांत असे शब्द होते, 2014 मध्ये ते 17.5 टक्क्यांवर गेले. शोध तेवढ्या पटीने अद्भुत झाले असतील असं मला वाटत नाही. सगळे मोठ्याने बोलू लागले की शेजारचाही आवाज चढवतो, तसं हे झालं. या गलक्यात नाशिकच्या एका प्राध्यापकाने आठवड्याआठवड्याने केलेली मोजणी साध्या आवाजात मांडली, तर ती जास्त ऐकू जाते. ‘काम चांगलंय तुमचं, त्याला नुसतं उभं राहू द्या,’ हे फोन ठेवण्याआधी त्यांना सांगितलं.

दुपारी दोन

माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी आली. लातूरची आहे, इंग्रजीत एम.ए. केलंय. तिला मी ओन्ली आणि इटसेल्फ असलेली वाक्यं वेगळी काढून दिली होती.

“ताई, सगळी चुकीची धरायची का? घरी आम्ही सगळे असंच बोलतो. टुडे ओन्ली, मॉर्निंग इटसेल्फ.”

मी तिला म्हटलं, ‘चूक’ हा शब्द बाजूला ठेव. भाषाभ्यासक क्लाउडिया लांगे यांनी 2007 साली भारतीय इंग्रजीतल्या याच दोन शब्दांवर निबंध लिहिलाय. भारतीय बोलण्यात ओन्ली आणि इटसेल्फ जोर द्यायचं काम नियमाने करतात, मन मानेल तसे येत नाहीत. हिंदीत ‘ही’, गुजरातीत ‘ज’, मराठीत ‘च’. या सगळ्यांच्या पाठीमागून तो ओन्ली आला आणि शब्दाच्या मागेच बसला, ‘च’ बसतो तसा. आपसात बोलताना त्याची लाज कशाला? प्रश्न एवढाच, की हा निबंध ब्राझीलमध्ये वाचणाऱ्याला त्यातून काय समजेल?

मग आम्ही एक वाक्य घेऊन बसलो. निबंधात होतं की चाळीतलं तापमान मॉर्निंग ओन्ली नोंदवलं. ब्राझीलचा वाचक म्हणेल, फक्त सकाळी नोंदवलं, दुपारी आणि रात्री नाही, म्हणजे पद्धत कच्ची. लेखकाच्या मनातलं वाक्य असणार: ‘तापमान सकाळीच घेतलं.’ म्हणजे ऊन चढण्याआधी. काळजीपूर्वक केलेल्या कामाची खूण वाचकाला हलगर्जीपणाची वाटली असती.

“पण ताई, मराठीतसुद्धा ‘सकाळीच’चे दोन अर्थ होतात की.”

बरोबर होतं तिचं. ‘गोळी सकाळीच घ्यायची’ म्हणजे दुसऱ्या वेळी नाही. ‘पाहुणे सकाळीच आले’ म्हणजे लवकर आले. अक्षर तेच, दोन कामं करतं, आणि कुठलं ते आवाजावरून, प्रसंगावरून कळतं. लिखाणात आवाज नसतो. म्हणून ओन्लीला हात लावण्याआधी लेखकाला विचारायचं. तिने फोन लावला. उत्तर आलं, “सकाळी, दुपारी, रात्री तिन्ही वेळा घेतलंय. पहिलं ऊन चढायच्या आत.” तिने ओन्ली काढला आणि तिन्ही वेळा लिहिल्या.

पुढचं वाक्य होतं, कांदा काढल्यावर इन द फील्ड इटसेल्फ सुकवला. कांदा उपटला की पातीसकट शेतात पसरतात, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा, म्हणजे उन्हाने पोळत नाही. हे ‘शेतातच’ आहे, खळ्यावर किंवा छपराखाली नव्हे. इथे मी तिला इंग्रजी वाक्याचा शेवट दाखवला. इंग्रजीत जे शेवटी येतं त्यावर आपोआप वजन पडतं. फील्ड हा शब्द शेवटी नेला आणि इटसेल्फ काढला. ‘च’ मिळाला, शब्द न वाढवता.

मग तिला वहीत एक वाक्य तीन तऱ्हांनी लिहायला लावलं. तिनेच मला सांगितलं. तिने मलाच सांगितलं. तिने मला सांगितलंच. पहिल्यासाठी इंग्रजीत ओन्ली वाक्याच्या तोंडाशी लागतो, नाहीतर ‘इट वॉज शी हू’ अशी रचना करावी लागते. दुसऱ्यासाठी ओन्ली माझ्याआधी येतो. तिसऱ्यासाठी ओन्ली निरुपयोगी. तिथे क्रियापदाआधी डिड येतं, शी डिड टेल मी. एका ‘च’साठी तीन वेगळी अवजारं. ही गोष्ट आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहून पंधरा मिनिटांत सांगता येण्यासारखी आहे. मला एम.ए.ला असतानाही कोणी सांगितली नव्हती, तिलाही नव्हती.

उलट टोकाचे लोकही असतात. ते ओन्ली अगदी संबंधित शब्दाला खेटूनच असला पाहिजे म्हणून वाक्यं मोडतात. फाउलर यांनी इंग्रजीच्या वापरावरच्या आपल्या 1926 च्या कोशातच त्या हट्टाला विरोध केला होता. अर्थ निसटत नसेल तर ओन्लीला त्याच्या सवयीच्या जागी राहू द्यावं, हे मीही तिला सांगते.

साडेचार

एका वकील बाईंचं छोटं काम होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण क्रियाविशेषणं दिसली की छाटायची अशी सवय लागलेल्या हाताने कायद्याच्या कागदाला शिवू नये. डिसऑनेस्टली, फ्रॉड्युलंटली, व्हॉलंटरिली या शब्दांच्या भारतीय दंड संहितेत स्वतंत्र व्याख्या होत्या, कलम 24, 25 आणि 39. आता 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही त्यांच्या व्याख्या दिल्या आहेत. वस्तू घेतली आणि वस्तू डिसऑनेस्टली घेतली, या दोहोंमध्ये तुरुंगाचं अंतर आहे. तिथे ते क्रियाविशेषण म्हणजेच गुन्हा. एकही काढलं नाही.

सहा

भाची आली. परदेशात हवामानशास्त्र शिकायला अर्ज करतेय. अर्जाच्या निवेदनात पहिल्याच ओळीत एक्स्ट्रीमली पॅशनेट, दुसरीत ट्रूली, चौथीत लिटरली.

“मावशी, सगळे असंच लिहितात.”

“म्हणूनच. तू काय केलंस ते सांग.”

बरंच खोदल्यावर निघालं की सातवीपासून बारावीपर्यंत दर पावसाळ्यात गच्चीवर डबा ठेवून ती पाऊस मोजायची. वही अजून आहे. हे निवेदनात कुठेच नव्हतं. तिला वाटलं होतं ही काय सांगायची गोष्ट! आम्ही एक्स्ट्रीमली काढला आणि त्या जागी डबा, गच्ची आणि वही आली. सहा पावसाळे. लिटरली मात्र तिने हट्टाने ठेवला असता तरी मी रागावले नसते. डिकन्स आणि मार्क ट्वेन यांनीही तो नुसत्या जोरासाठी वापरलाय. पण तिने स्वतःच खोडला.

साडेआठ

शेवटचं वाचन मोठ्याने. आई टीव्हीचा आवाज कमी करते, तिला माहीत आहे. मोठ्याने वाचलं की जिथे आवाज आपोआप चढतो तिथे वाक्य बरोबर आहे. जिथे मुद्दाम चढवावा लागतो तिथे शब्दांची जागा चुकलीय. अशी चार वाक्यं सापडली, हलवली.

एकेचाळीस व्हेरींपैकी तीन उरले. दोन ठिकाणी खरोखर त्यांचीच गरज होती. तिसरा एका शेतकऱ्याच्या मुलाखतीतला आहे. पावसात चाळ भिजली त्या वर्षाबद्दल तो म्हणाला होता, ‘लई नुकसान झालं.’ लेखकांनी तिथे व्हेरी हेवी लिहिलं होतं. आकड्यांनी भरलेल्या चौदा पानांत तो एका माणसाचा आवाज आहे. तो तसाच ठेवला.

पावणेदहाला निबंध पाठवला. तुम्ही इंग्रजीत पत्र, अर्ज, निबंध काहीही लिहीत असाल आणि व्हेरी किंवा ओन्लीपाशी हात अडला, तर तेच वाक्य आधी मराठीत मोठ्याने म्हणून पाहा. ‘च’ कुठल्या शब्दावर पडतो ते ऐका आणि इंग्रजीत त्या शब्दाला चांगली जागा द्या.